सोनं सरकारच्या पोटात, कागद लोकांच्या हातात

निवडणूक आली की व्हॉट्सअॅपवर तीच ती कार्टूनं फिरायला लागतात, ढेरपोट्या पुढारी, गळ्यात जाडजूड चेन, मागे सोन्याचा ढीग आणि त्यावर "भ्रष्टाचार" अशी पाटी. मला ती बघवत नाहीत. सोनं कुणाच्या खिशातून गेलं, कसं गेलं, ते त्यात कुठेच नसतं, नुसतं हावरट म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेनं १७९७ मध्ये लंडनला काढलेली दोन चित्रं बघा म्हणजे कळेल मला काय म्हणायचंय. फ्रान्सशी युद्ध चालू, खर्च बेसुमार, बँक ऑफ इंग्लंडचं सोनं आटत चाललेलं, त्यात फेब्रुवारीत फ्रेंच सैनिक वेल्समध्ये फिशगार्डजवळ उतरले आणि नोटा द्या-सोनं घ्या अशी झुंबड आणखीनच वाढली. पंतप्रधान पिटच्या सरकारनं काय केलं, तर नोटेच्या बदल्यात सोनं देणंच बंद करून टाकलं. ते पूर्ववत व्हायला १८२१ उजाडलं!

मार्चमधल्या चित्रात पिट हा मिडास राजा. बँकेवर फेंगडे पाय टाकून बसलाय, पोट सोन्याच्या नाण्यांनी गच्च आणि तोंडातून भडाभडा नोटा ओकतोय. गोष्टीतला मिडास हात लावेल त्याचं सोनं करायचा, हा सोन्याचा कागद करतोय. अर्थशास्त्राचं एक पान न वाचलेल्या माणसालाही काय घडलं ते कळतं.

मेमधल्या चित्रात बँक म्हणजे एक म्हातारी, थ्रेडनीडल स्ट्रीटवरची, बँक आहे त्याच रस्त्यावरची. अंगात नोटांचाच झगा, बसलीये कुलूपबंद पेटीवर, काटकुळा पिट बळजबरीनं तिचा मुका घेतोय आणि हात मात्र तिच्या खिशातल्या गिनींवर, म्हणजे सोन्याच्या नाण्यांवर. बाईवरची जबरदस्ती हसण्यावारी नेलीये हे मला खटकतं आणि ते बोललंच पाहिजे. पण तो खिशातला हात काय काढलाय!

आणि खरी ग्यानबाची मेख इथे आहे, पिट स्वतः पैसे खाणारा नव्हताच. १८०६ मध्ये गेला तेव्हा डोक्यावर सुमारे ४०,००० पौंडांचं कर्ज होतं, ते संसदेनं फेडलं. म्हणजे गिलरेनं माणसाची हाव काढली नाही, युद्ध चालवणाऱ्या सरकारची भूक काढली, आणि ती भूक लोकांच्या गिनींवर भागते हे दाखवलं. हे आपल्याकडच्या फॉरवर्डमध्ये कधी दिसतं का सांगा.

चित्रं काढली त्याच १७९७ च्या अखेरीपासून गिलरे पिटच्याच सरकारकडून वर्षाला २०० पौंड गुपचूप घ्यायला लागला. वाईट वाटतं वाचून, खूपच वाईट वाटतं. पण ती दोन चित्रं त्याआधीची, ती कुणाला परत विकत घेता आली नाहीत. बँकेला त्या म्हातारीचं "ओल्ड लेडी" हे नाव चिकटलं ते चिकटलंच, पुढे बँकेनं स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या मासिकालाही तेच नाव दिलं.