युनिव्हर्सल ब्रिज आणि कुकरचं हँडल

परवा बोहरी आळीत एका हार्डवेअरच्या दुकानात एका पूर्ण अनोळखी गृहस्थांनी माझ्या हातातला गिटारचा ट्रेमोलो ब्रिज (तारा जिच्यावर टेकतात ती डुलणारी घोडी) न विचारता काढून घेतला, उलटा केला, कानाशी धरून खडखडवला आणि दुकानदाराला म्हणाले, "यांना बिजागरी दाखवा हो, ही झिजलीये." तेव्हापासून मी जरा चिडलेलाच आहे.

मागची गोष्ट पटकन सांगतो. ओळखीतल्या एकाकडे स्ट्रॅटच्या, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या, कॉपीची नुसती बॉडी पडून होती, माझ्याकडे नेक, म्हणजे गिटारची मान, पडून होता, म्हटलं लावून देऊ दोघांचं. ब्रिज ऑनलाइन मागवला. जाहिरातीत 'युनिव्हर्सल फिट'. मूळ स्ट्रॅट बनवणाऱ्या लिओ फेंडरने 1954 मधे आणलेली मूळ आयडिया तशी साधी आहे हो, ब्रिज सहा स्क्रूंवर डुलतो, वरून तारा ओढतात, मागून बॉडीच्या पोटातल्या स्प्रिंगा ओढतात, ब्रिजला लावलेली दांडी दाबली की सूर खाली, सोडली की जागेवर. पण जुन्या मापात कडेच्या दोन स्क्रूंमधलं अंतर 56 एमएम आणि बऱ्याच स्वस्त कॉप्यांत 52.5. माझ्या बॉडीला भोकं 52.5 ची, ब्रिज आला 56 चा. मधले स्क्रू अगदी लाडात बसतात, कडेचे दोन थेट लाकडावर टेकतात. शिवाय ब्रिजबरोबर दांडीच नाही. मित्राने त्याच्याकडची अमेरिकन दांडी दिली, ती आत जाते पण लुडबुडते. म्हणून बोहरी आळी.

तर हे काका कुकरच्या हँडलचा स्क्रू न्यायला आले होते. हँडल हातात, आणि पूर्ण वेळ त्या हँडलनेच माझ्याकडे बोट दाखवल्यासारखं करत होते. मी म्हटलं, काका, हा गिटारचा ब्रिज आहे.

"गिटारला स्प्रिंग कशाला?"

सांगितलं. ही चूक नव्हती, मी मुळात सांगणाराच माणूस आहे, बायको साक्षीला आहे. तारांचा ताण, स्प्रिंगांचा ताण, मधे तरंगता ब्रिज, सगळं. काका लक्ष देऊन ऐकत होते, मागे उभा असलेला एक पोरगा पण ऐकायला लागला, त्याला फक्त खिळे हवे होते.

"आणि एखादी तार तुटली तर?"

"तर स्प्रिंगांचा जोर जास्त होतो, ब्रिज मागे ओढला जातो आणि बाकीच्या पाचही चढ्या लागतात."

"म्हणजे एक गेला की उरलेले सगळे चढतात?"

"हो."

"आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखं." मग थोडं थांबून, हँडल माझ्या छातीपाशी आणून, "आणि हे तुम्ही पैसे देऊन घेतलंत?"

पोरगा फिसकन हसला. दुकानदार नाही हसला, तो आट्यांचं माप घ्यायचं थ्रेड गेज लावून बघत होता. म्हणाला दांडीचे आटे इंची आहेत, दहा-बत्तीस मापाचे, आणि दांडी जिथे बसते त्या ब्रिजखालच्या ठोकळ्यातले पाच एमएमचे. दोन्ही इतके जवळ की एकात दुसरा जातो, पण पकड नाही. "चालून जाईल," असं म्हणून त्याने दांडी फिरवली, ती टकटक हलली, आणि त्याचा माझ्यातला रस संपला.

"टेफ्लॉन टेप गुंडाळा," काका म्हणाले. "नळाला लावतो ती. दहा रुपयांत काम."

आता खरा राग इथे आहे. ढिल्या दांडीला टेफ्लॉन टेप गुंडाळणं हा जगभरच्या गिटारवाल्यांचा नेहमीचा उपाय आहे आणि तो मला माहीत होता, मी तोच करणार होतो, पण आता तो काकांचा झाला. पोरासमोर. टेप घेतली तर ऐकलं असं होणार, नाही घेतली तर दांडी हलणार. मी टेप घेतली नाही. कोपऱ्यावर वळून दुसऱ्या दुकानातून घेतली, महाग पडली.

मिरजेचे कारागीर बघा. तंबोऱ्याची घोडी कानसेने घासत बसतात, तार छेडतात, परत घासतात, जवारी, म्हणजे तारेचा तो गुणगुणता झंकार, लागेपर्यंत उठत नाहीत, आणि वर तारेखाली एक सुती दोरा सरकवायचा, झालं. 2024 मधे मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन पण मिळालं. तिथे कोणी घोडी युनिव्हर्सल आहे म्हणून खोक्यात घालून पाठवत नाही. म्हणजे निदान असं मी स्वतःला सांगतो, कारण हल्ली काही सांगता येत नाही.

आणि मला एक कळत नाही, विकणाऱ्याला एक आकडा लिहायला काय होतं? फोटो सात, त्यातला एक कुठल्यातरी मॉडेलने गिटार उलटी धरलेला, रंग तीन, 'प्रीमियम क्वालिटी' दोनदा, आणि स्क्रूंमधलं अंतर कुठेच नाही. खालचा ठोकळा किती लांब ते नाही. तो पण बघावा लागतो, पातळ बॉडीत लांब ठोकळा घातला की मागून बाहेर डोकावतो आणि झाकण बसत नाही. तक्रार केली तर चॅटवर उत्तर, 'सर, प्रॉडक्ट युनिव्हर्सल आहे, कृपया तुमची गिटार तपासा.' माझी गिटार तपासा! मग म्हणे पाकीट उघडलंय म्हणून परत घेता येणार नाही. पाकीट न उघडता मोजायचं कसं, हा प्रश्न टाकला तर त्यांनी मला पाचपैकी किती स्टार देणार ते विचारलं.

आता ब्रिज ठेवायचाच तर जुन्या भोकांत सागवानी खुंट्या फेविकॉलने ठोकायच्या, वाळू द्यायच्या आणि 56 च्या मापाने नवीन भोकं पाडायची, तीही एका सरळ रेषेत, कारण एक जरी पुढेमागे झालं तर ब्रिज अडकत डुलणार आणि सूर जागेवर येणार नाहीत. माझ्याकडचं ड्रिल हाताने धरायचं आहे, त्यामुळे नेहमीच्या सुताराला फोन केला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, सहा भोकांसाठी गाडी काढून येणं परवडत नाही, एखादं मोठं काम निघालं की बोलवा, त्यात करून टाकू."

काल संध्याकाळी मी घरातली सगळी कपाटं उघडून बघितली. एकही धड मोडलेलं नाही.