फायटोप्लँक्टन फक्त वरच्या दोन-तीन मीटरमध्ये वाढतात? साफ चूक

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: समुद्रातले फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारे, सूर्यप्रकाशावर वाढणारे सूक्ष्म जीव) फक्त वरच्या दोन-तीन मीटरमध्ये वाढतात, कारण ऊन तिथेच पोचतं. त्याखाली अंधार आणि वाळवंट. उपग्रहाच्या चित्रात हिरवं दिसेल तेवढंच पाणी जिवंत. म्हणून समुद्रात उभ्या नळ्या सोडायच्या, खालचं खतासारखं पाणी वर आणायचं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने उतरेल. शेवटी पुरवणी म्हणून 'आपला 70 टक्के ऑक्सिजन समुद्र देतो'. माझ्या भाचीने हे सगळं शाळेच्या प्रोजेक्टमध्ये जसंच्या तसं उतरवलं आणि त्याला चांगले मार्कही मिळाले. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी ते दोन-तीन मीटर. पाण्यात प्रकाश घातांकी पद्धतीने कमी होतो, म्हणजे दर मीटरला उरलेल्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा शोषला जातो. किनाऱ्यापासून दूर, स्वच्छ निळ्या पाण्यात हा हिस्सा साधारण 4 टक्के धरा, म्हणजे शोषणाचा गुणांक 0.04. मग 3 मीटरवर 89 टक्के प्रकाश शिल्लक असतो, 50 मीटरवर साडेतेरा टक्के, आणि 1 टक्का उरायला 115 मीटर खाली जावं लागतं. लाल प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच संपतो, त्यामुळे अगदी वरची घट या हिशोबापेक्षा जास्त असते. पण निळा प्रकाश खोलवर जातो आणि या पेशींना तोच उपयोगी पडतो. गढूळ किनारी पाण्यात मात्र दर मीटरचा गुणांक 0.4 किंवा त्याहून जास्त असू शकतो. तिथे 11-12 मीटरवरच 1 टक्का उरतो. मेसेजवाल्याने बहुधा बंदरातलं पाणी पाहून अख्ख्या महासागराचा निकाल लावला आहे.

यात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करायला हवं. कार्बन बांधण्याचा वेग खुल्या समुद्रातही वरच्या काही दशक मीटरमध्येच सर्वाधिक असतो. हवाईच्या उत्तरेला 'स्टेशन अलोहा' या ठिकाणी 1988 पासून जवळजवळ दर महिन्याला मोजणी चालू आहे. पहाटेच्या आधी 5, 25, 45, 75, 100 आणि 125 मीटरवरून पाणी घेतात, त्यात किरणोत्सारी कार्बन-14 घालतात, बाटल्या ज्या त्या खोलीवर दोरीला बांधून सोडतात आणि सूर्यास्ताला वर काढतात. गाळणीवर किती कार्बन-14 अडकला यावरून वाढीचा वेग कळतो. वरच्या बाटल्यांत आकडा मोठा येतो, 125 मीटरवर अगदी थोडा. थोडा, पण शून्य नाही. दोन-तीन मीटरखाली सगळं संपतं असं या नोंदींत कुठेही दिसत नाही. शिवाय भर दुपारी पृष्ठभागावर प्रकाश गरजेपेक्षा जास्त असतो. पेशींची यंत्रणा पूर्ण वेगाने चालत असते, वाढीव ऊन वाया जातं आणि बऱ्याचदा नुकसानही करतं. म्हणजे 'जितकं वर तितकं चांगलं' हेही खरं नाही.

आता ते वाळवंट. त्याच ठिकाणी क्लोरोफिल सर्वाधिक सापडतं ते 100 ते 130 मीटरच्या पट्ट्यात, पृष्ठभागापेक्षा दुप्पट-तिप्पट. कारण वरून प्रकाश येतो आणि खालून नायट्रेट, म्हणजे पेशींना लागणारं नायट्रोजनचं खत. वरच्या थरातलं नायट्रेट जवळपास संपलेलं असतं, तिथली वाढ बरीचशी त्याच थरात पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या अमोनियमवर (नायट्रोजनचंच दुसरं रूप) चालते. खालच्या पट्ट्यात दोन्ही गोष्टी कशाबशा भेटतात. तिथे राहणारा प्रोक्लोरोकॉकस हा प्रकाशसंश्लेषण करणारा जीवाणू जेमतेम 0.6 मायक्रोमीटरचा असतो, आणि मंद निळ्या प्रकाशाला सरावलेले त्याचे वेगळे प्रकार आहेत.

इथे उलट्या बाजूची चूकही होते. क्लोरोफिल दुप्पट म्हणजे पेशी दुप्पट, असं नाही. अंधुक प्रकाशात तीच पेशी जास्त क्लोरोफिल बनवते, त्यामुळे पेशींमधला एकूण कार्बन सहसा त्या पट्ट्याच्या वरच जास्त असतो. उपकरणही फसवतं. दुपारी फ्लुरोमीटर (क्लोरोफिलची चमक मोजणारं यंत्र) सोडला तर प्रखर उन्हातल्या पेशी कमी चमकतात आणि वर काहीच नाही असं वाटतं. म्हणून खात्रीचा आलेख पहाटेपूर्वीचा. तोही गाळणीवरच्या नमुन्यातलं क्लोरोफिल 90 टक्के ॲसिटोनमध्ये, थंडीत आणि अंधारात काढून पडताळायचा.

उपग्रहाचा मुद्दा इथेच निकालात निघतो. स्वच्छ पाण्यात उपग्रहाला जो रंग दिसतो, तो जवळजवळ सगळा वरच्या 25-एक मीटरमधून आलेला असतो. 110 मीटरवरचा पट्टा त्याला दिसतच नाही.

खरा संताप आहे तो नळ्यांवर, कारण असल्या मेसेजवर विश्वास ठेवून लोक पैसे लावायला तयार होतात. खोल पाण्यात नायट्रेट येतं कुठून? वरून पडलेले मृत पेशींचे अवशेष तिथे कुजतात. पण कुजताना कार्बन डायऑक्साइडही सुटतो, साधारण 16 भाग नायट्रोजनमागे 106 भाग कार्बन, म्हणजे रेडफिल्डचं प्रमाण. तुम्ही खत वर आणता तेव्हा हा कार्बनही बरोबर येतो. फायटोप्लँक्टन जवळपास त्याच प्रमाणात दोन्ही वापरतात, म्हणजे हवेतून घ्यायला जवळजवळ काही उरत नाही. उलट ते पाणी वर येऊन तापतं आणि तापलेल्या पाण्यातून वायू जास्त निसटतो. दुसरी अडचण वजनाची. थंड पाणी जड असतं, त्यामुळे ते नळीतून बाहेर पडलं की पुन्हा खाली बसू लागतं आणि पेशींना वाढायला जे काही दिवस प्रकाशात राहावं लागतं ते मिळत नाहीत. तिसरी गोष्ट लाटांचा मार. 2008 मध्ये हवाईजवळ लाटांवर चालणारा 300 मीटरचा पंप खुल्या समुद्रात सोडून पाहिला. पाणी वर आलं, पण एका दिवसाच्या आत पंपाचं साहित्यच निकामी झालं.

समुद्र घुसळला की वाढ होणारच, हेही गृहीत धरू नका. 1953 मध्ये समुद्रशास्त्रज्ञ स्वेरड्रुप यांनी मांडलेला हिशोब साधा आहे: घुसळणाऱ्या थरात पेशी वरखाली फिरतात, म्हणून त्यांना मिळतो तो थराचा सरासरी प्रकाश. शोषणाचा गुणांक 0.1 आणि थर 20 मीटरचा असेल तर पृष्ठभागाच्या 43 टक्के, 200 मीटरचा असेल तर फक्त 5 टक्के. इतक्या प्रकाशात श्वसनाचा खर्च भागेलच असं नाही. या हिशोबावर नंतर बरेच आक्षेप आले, विशेषतः पेशी खाणाऱ्या प्राणिप्लवकांची भूमिका त्यात नीट धरली नाही म्हणून. प्रकाशाचं गणित मात्र टिकून आहे.

राहिला ऑक्सिजन. जगातलं निम्म्याच्या आसपास प्रकाशसंश्लेषण समुद्रात होतं, 1998 च्या एका गाजलेल्या अंदाजात ते 46 टक्के निघालं, 70 नाही. आणि त्यातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन समुद्रातलेच जीव श्वसनात वापरून टाकतात.