खुलासा: मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान खेर नव्हेत

'1937 ची निवडणूक काँग्रेसने बहुमताने जिंकली आणि बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले' हा मजकूर सध्या फिरतोय. (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत.) मीही तो गेल्या आठवड्यात पुढे ढकलला होता. चूक झाली.

तारखाच बघा ना. प्रांतांना निवडून आलेली सरकारं देणारा 1935 चा नवा कायदा प्रांतांत 1 एप्रिल 1937 ला लागू झाला आणि खेरांचा शपथविधी झाला 19 जुलैला. मधले साडेतीन महिने खुर्ची रिकामी नव्हती. तिथे सर धनजीशा कूपर होते, आपल्या साताऱ्याचे, नांगरांचे कारखानदार. काँग्रेस 175 पैकी 86 जागा घेऊन सर्वांत मोठा पक्ष ठरली होती, पण स्पष्ट बहुमताला दोन कमीच. शिवाय गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून कारभारात ढवळाढवळ करणार नाही, अशी हमी मिळेपर्यंत सत्ता घ्यायची नाही, असं पक्षाने ठरवलं. मग गव्हर्नरने कूपरांना बोलावलं. त्यांच्यामागे बहुमत नव्हतंच. जुलैत काँग्रेसने पवित्रा बदलला आणि कूपर पायउतार झाले.

घोळ बहुधा यामुळे होतो की स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री खरोखरच खेर होते. त्यांचं मोठेपण यात कुठे कमी होत नाही.

जुना मजकूर कुणाकडे असेल तर कृपया पुढे पाठवू नका. माझ्याकडून ज्यांना गेला, त्यांना हा खुलासा पाठवतोय.