माणशी उत्सर्जन कमी, म्हणून हात झटकायचे?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक संदेश आला. चार दिवसांनी तोच माहेरच्या ग्रुपवर आणि मग शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर. त्यातला मजकूर थोडक्यात असा: भारतीय माणूस अमेरिकन माणसाच्या सातव्या हिश्श्याइतकाच कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, तेव्हा आपल्या शहरांनी काही करायची गरज नाही. इलेक्ट्रिक गाड्या कोळशाच्या विजेवरच चालतात, म्हणजे धूर फक्त पुण्यातून चंद्रपूरला हलवला. बसवर पैसे उधळण्यापेक्षा रस्ते रुंद करा, उड्डाणपूल बांधा, कोंडी फुटली की धूर आपोआप कमी होईल. ओला-सुका कचरा हे बायकांच्या मागे लावून दिलेलं काम, त्याचा हवामानाशी काही संबंध नाही. आणि खरंच काही करायचं असेल तर झाडं लावा.

इमारतींचा आणि कारखान्यांचा वीजवापर तपासून देणं हे माझं काम आहे. संदेश पाठवणारे काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, आणि त्यांनी तो मनापासून पाठवला आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहिते.

सातव्या हिश्श्याचा आकडा बरोबर आहे. आपण माणशी वर्षाला साधारण २ टन, अमेरिकन माणूस १४ टनांच्या आसपास. आजवर हवेत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, हेही खरं. जागतिक परिषदांमध्ये आपल्या सरकारने हे ठणकावून सांगितलंच पाहिजे. पण महापालिकेने काय करावं हे त्या आकड्यावरून ठरत नाही. मुंबईने मार्च २०२२ मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्यातल्या हिशोबानुसार २०१९ साली शहराचं उत्सर्जन २.३४ कोटी टन होतं, म्हणजे माणशी १.८ टन. धारावीतून चालत कामावर जाणारा माणूस आणि वाळकेश्वरला चार खोल्यांत चार एसी लावून झोपणारं कुटुंब, दोघंही याच सरासरीत येतात. पहिल्याच्या आड दुसऱ्याने लपावं, हे मला पटत नाही.

शिवाय शहरात उत्सर्जन कमी करण्याची कामं करून आपण अमेरिकेवर उपकार करत नाही. एलईडी दिव्यांचंच बघा. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत एका बल्बला ३१० रुपये पडत होते. कोट्यवधी बल्बची एकत्र मागणी झाली आणि दोन-अडीच वर्षांत भाव ४० रुपयांच्या खाली आला. लोकांनी ते बल्ब वीजबिल वाचावं म्हणून लावले आणि तितका कोळसा जळायचा वाचला. आपल्या शहरांतल्या कितीतरी इमारती अजून बांधायच्या आहेत. आज ज्या इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीला मजलाभर काच लागेल, ती पुढची ५० वर्षं एसीशिवाय राहण्याजोगी नसेल. तिथे राहणाऱ्याला माणशी सरासरीचा काही उपयोग होणार नाही. तो दर महिन्याला बिल भरत राहील.

त्याच मुंबईच्या आराखड्यात उत्सर्जनाची वाटणी दिली आहे. ढोबळमानाने ७२ टक्के ऊर्जेचे, म्हणजे मुख्यतः इमारतींत वापरल्या जाणाऱ्या विजेचे, २० टक्के वाहतुकीचे आणि ८ टक्के कचऱ्याचे. पुढचं वाचताना हे तीन आकडे लक्षात असू द्या.

आता ‘कोळशावरची इलेक्ट्रिक गाडी’. आपल्याकडची सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशातूनच येते, आणि चंद्रपूरच्या लोकांनी तो धूर वर्षानुवर्षं छातीत घेतला आहे. त्यांचं दुःख या मुद्द्यासाठी वापरून मग विसरून जाऊ नये, एवढी विनंती. पण हिशोब करू. देशाच्या ग्रिडमधून, म्हणजे सामाईक वीजजाळ्यातून, एक युनिट वीज घेतली की सरासरी ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. तारांमधली गळती धरून ०.८५ किलो म्हणू. एका युनिटवर इलेक्ट्रिक स्कूटर साधारण ३० किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला २८ ग्रॅम. पेट्रोलच्या स्कूटरने लिटरला ४५ किलोमीटर दिले आणि लिटरभर पेट्रोल जळताना २.३ किलो वायू सुटला, तर किलोमीटरला ५१ ग्रॅम. यात तेल शुद्ध करताना आणि वाहून आणताना सुटणारा वायू मी धरलेलाच नाही. बॅटरी बनवायला लागणारी ऊर्जा जमेस धरली तर फायदा थोडा घटतो, पण उलटत नाही.

पेट्रोलची गाडी मोडीत निघेपर्यंत तेवढाच धूर सोडणार. विजेच्या गाडीचं मात्र वीज बदलली की उत्सर्जन बदलतं. दिल्ली मेट्रो २०१९ पासून मध्य प्रदेशातल्या रेवा सौर प्रकल्पाची वीज घेते आहे. त्यासाठी डबे बदलावे लागले नाहीत, रूळ बदलावे लागले नाहीत. आणि विजेवरचा प्रवास आपल्याला नवा थोडाच आहे? मुंबईत व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला विजेवरची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली. शंभर वर्षं होऊन गेली.

तरीही इथे काकांच्या बाजूने एक गोष्ट मला कबूल करावीशी वाटते. मोठ्या एसी बसच्या बाबतीत हा फायदा आज स्कूटरइतका ठळक नाही, कारण ती किलोमीटरला एक युनिटहून जास्त वीज खाते. म्हणूनच बस डिझेलची की विजेची, या वादात मी फार वेळ घालवत नाही. बस येते की नाही, हा खरा प्रश्न आहे. साडेतीन किलोमीटरचं ॲव्हरेज देणारी जुनी डिझेल बस किलोमीटरला पाऊण किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडते. तिच्यात ४० माणसं असली तर माणशी १९ ग्रॅम. म्हणजे ती खडखडणारी बस एकट्याने चालवलेल्या नव्या कोऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरपेक्षाही माणशी कमी धूर सोडते. एकट्याने काढलेल्या पेट्रोल कारशी तर तुलनाच नको, ती शहरात किलोमीटरला दीडशे ग्रॅमच्या पुढे जाते.

असं असताना मुंबईत बेस्टचा ताफा एके काळी ४,००० बसच्या वर होता, तो ३,००० च्या खाली आला. पुण्यात थांब्यावर पाऊण तास उभं राहिलेल्या मुलाने कर्ज काढून दुचाकी घेतली तर त्याला दोष कसा द्यायचा? एके काळी सायकलींचं शहर म्हणवणारं आमचं पुणं दुचाकींचं झालं, त्यात बसच्या या वाट बघण्याचा वाटा फार मोठा आहे.

रस्ते रुंद करण्याचा उपायही आम्ही करून बघितला आहे. पुण्यात विद्यापीठ चौकात उड्डाणपूल झाला तेव्हा गणेशखिंड रस्त्याची कोंडी सुटणार, असंच सगळे म्हणत होते. तो पूल २०२० मध्ये पाडला, मेट्रो आणि नव्या दुमजली पुलाला जागा करण्यासाठी. बांधून पंधरा वर्षंही झाली नव्हती. पूल झाला की दोन वर्षं रस्ता मोकळा वाटतो. मग जो माणूस बसने जात होता तो गाडी काढतो, जो जवळ घर शोधत होता तो लांब घेतो, आणि पुलावरही तीच रांग लागते. कोंडी पुढच्या चौकात सरकते एवढंच.

कचऱ्याचा मुद्दा मला सगळ्यात जिव्हाळ्याचा. आमच्या सोसायटीत मागच्या बाजूला खताच्या तीन टाक्या आहेत आणि आठवड्यातून दोनदा त्यातला कचरा खाली-वर करण्याची पाळी असते. माझी पाळी असते तेव्हा फावडं आत घातलं की वाफ येते, हाताला ऊब लागते. भाजीची देठं, चहाचा चोथा, पालापाचोळा सगळं काळसर, भुसभुशीत झालेलं असतं आणि पहिल्या पावसात अंगणात येतो तसा मातीचा वास येतो. गेल्या पावसाळ्यात दोन आठवडे कुणीच टाकी हलवली नाही. झाकण उघडलं तर आंबट, कुजका भपकारा. खाली पाणी साचून सगळं चिकट झालं होतं. आत हवा पोचली नाही की असं होतं. हवेवर जगणारे जिवाणू मरतात, हवेशिवाय जगणारे वाढतात, आणि ते मिथेन सोडतात. आम्ही वाळका पाला मिसळला, चार दिवस रोज हलवलं, वास गेला.

आता ही न हलवलेली टाकी दहा मजली डोंगराएवढी झाल्याची कल्पना करा. तो असतो कचरा डेपो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरतो, आणि पहिल्या वीस वर्षांचाच हिशोब केला तर ८० पटींच्या आसपास. मुंबईतला देवनारचा डेपो १९२७ पासूनचा. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा आतल्या मिथेनमुळे आग दिवसेंदिवस विझेना. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि धुराचा लोट उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला जाग आली. मुंबईच्या उत्सर्जनातले ते ८ टक्के म्हणजे वर्षाला १८ लाख टनांहून जास्त. याला ‘काही संबंध नाही’ कसं म्हणायचं?

आणि हे थांबवता येतं. इंदूरमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा पचवणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. रोज सुमारे १७,००० किलो गॅस काढण्याची त्याची क्षमता आहे आणि त्यावर शहराच्या बस धावतात. तिथे वापरलेली यंत्रं आपल्याकडेही विकत मिळतात. पण यंत्राच्या तोंडाशी जाणारा कचरा निव्वळ ओला असावा लागतो. प्लास्टिकची पिशवी, फुटलेला कप, डायपर आत गेले की प्रकल्प बंद पडतो. इंदूरने आधी घराघरात कचरा वेगळा करायची सवय लावली, प्रकल्प नंतर आला. आपल्याकडे बहुतेक वेळा उद्‌घाटन आधी होतं.

राहिलं ‘बायकांच्या मागे लावलेलं काम’. दोन डबे ठेवायला आणि केळ्याची साल बरोबर डब्यात टाकायला बाईच लागते असं नाही. काका, तुमच्या घरी सकाळचा चहा तुम्हीच करता, मग तो चोथाही तुम्हीच टाकत असाल. पुण्यात हा कचरा दारातून उचलणाऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत, हे मात्र खरं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली आणि पुढे कचरावेचकांनी स्वतःची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था काढली. एकत्र कालवलेला कचरा आपण दिला की या ताई तो हाताने वेगळा करतात. आपले दहा सेकंद वाचतात आणि त्यांचा हात काचेने कापतो.

झाडांबद्दल मी जपून लिहिते, कारण झाडं मला हवीच आहेत. सावलीसाठी हवीत, पावसाचं पाणी मुरायला हवीत. एप्रिलमध्ये झाडाखालच्या आणि झाडाविनाच्या पदपथावरून चालून बघा. खारफुटी तर समुद्राच्या काठी भिंतीसारखी उभी आहे. पण झाडं लावली की बाकी सगळं माफ, हा हिशोब बसत नाही. वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने २० किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं धरू. मुंबईचे २.३४ कोटी टन शोषायला ११७ कोटी झाडं लागतील. शहराचं क्षेत्रफळ ४८० चौरस किलोमीटरच्या घरात. म्हणजे रस्ते, इमारती, तलाव, रेल्वेचे रूळ सगळं धरून प्रत्येक चौरस मीटरला दोनाहून जास्त मोठी झाडं उभी करावी लागतील.

त्याउलट आपली गच्ची बघा. २० किलोवॅटचे सौर पॅनेल साधारण २,००० चौरस फुटांत बसतात. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅट वर्षाला सुमारे १,४०० युनिट देतो, म्हणजे एकूण २८,००० युनिट. त्याने वर्षाला २० टन कार्बन डायऑक्साइड टळतो, वर काढलेल्या हिशोबाने एक हजार झाडांइतका. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे त्यावर चालतील. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे आपल्याला ३ लाख ६० हजार. मी गच्चीचं माप घेतलं आहे. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर उत्तरेच्या कोपऱ्यावर पडते, तेवढा भाग सोडूनही जागा पुरते.

संदेशाच्या शेवटी लिहिलं होतं की सामान्य माणसाच्या हातात काही नाही. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. क्षेत्रीय कार्यालयात साधा अर्ज भरायचा असतो. यंदा मी दोन कामं लिहिणार आहे: आपल्या कोपऱ्यावरच्या बसथांब्याला शेड, आणि तिथून शाळेपर्यंतचा पदपथ, जो सध्या दोन ठिकाणी खणून तसाच टाकला आहे. अर्जाच्या प्रती मी काढून ठेवते. रविवारी अकरा वाजता सोसायटीची बैठक आहे, तेव्हा गच्चीच्या मापाचा कागदही आणते. काका, तुम्ही या.