मॅकिंटॉश आडनाव आणि तो 'एमसी म्हणजे आयरिश'वाला मेसेज

परत तोच मेसेज फिरतोय, या आठवड्यात मला तीन ग्रुपवर आला. म्हणणं असं की आडनावाच्या सुरुवातीला एम-ए-सी असेल तर माणूस स्कॉटिश आणि नुसतं एम-सी असेल तर आयरिश. पुढे, एका आडनावाचे सगळे एकाच मूळपुरुषाचे वंशज. मग, प्रत्येक आडनावाचं हजार वर्षं जुनं स्वतःचं टार्टन, म्हणजे ते चेक्सचं कापड. आणि शेवटी, ॲपलचा मॅकिंटॉश कॉम्प्युटर रेनकोट शोधणाऱ्या स्कॉटिश माणसाच्या नावावरून आला. उदाहरण मॅकिंटॉशचंच दिलंय म्हणून मी पण तेच आडनाव धरून बोलते, आणि मला ते जवळचं आहे कारण मुंबईच्या एशियाटिक सोसायटीची सुरुवात ज्याने केली तो सर जेम्स मॅकिंटॉश. इन्व्हरनेसजवळ आल्डौरीला १७६५ साली जन्मलेला, मुंबईत रेकॉर्डर म्हणजे न्यायाधीश म्हणून आला आणि १८०४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने लिटररी सोसायटी काढली, तीच पुढे एशियाटिक झाली.

आधी एम-सीचं बघू, कारण सगळ्यात जास्त लोक याच्यावरच विश्वास ठेवतात. मॅक म्हणजे गेलिक भाषेत मुलगा, आणि ही गेलिक स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातही होती आणि आयर्लंडमध्येही, एकाच मुळातून आलेली. एम-सी हा वेगळा शब्दच नाही, ते त्याच मॅकचं आखूड लिखाण आहे. जुन्या हस्तलिखितात बघा, मोठा एम काढायचा, त्याच्या खांद्याशी वर बारीकसा सी, आणि त्या सीच्या खाली एक रेघ नाहीतर दोन टिंबं. वेळ आणि कागद वाचवायची कारकुनाची सवय, बाकी काही नाही. छापखान्यात तो वर उचललेला सी नसायचा तर ते एमनंतर उलटा स्वल्पविराम ठोकून द्यायचे. आपण लग्नपत्रिकेत चि. सौ. कां. लिहितो म्हणून नवरीचं कूळ बदलतं का? एकाच घरातल्या माणसांची नावं नोंदवह्यांमध्ये दोन्ही पद्धतींनी सापडतात, लिहिणारा बदलला की स्पेलिंग बदललं.

सगळ्यात स्वच्छ पुरावा ग्लासगोचा आहे. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची इमारत ज्याने डिझाईन केली तो चार्ल्स रेनी मॅकिंटॉश, जन्म १८६८. त्याचे वडील विल्यम पोलीस खात्यात होते आणि याचा जन्म झाला तेव्हा घरचं नाव एम-सीने लिहायचे, मध्ये 'के' पण नाही. मोठेपणी मात्र तो एम-ए-सी आणि 'के' दोन्ही लावायला लागला. आता मेसेजप्रमाणे तो जन्मला आयरिश आणि मोठेपणी स्कॉटिश झाला म्हणायचं का? आणि आयरिश भाषेत तर हे पूर्ण मॅकच लिहितात, मॅक कार्थी असो की मॅक माहून, म्हणजे नियम तिकडूनही उभा राहत नाही. (देवनागरीत ही सगळी रूपं आपण एकसारखीच लिहितो, त्यामुळे आपल्याला हा फरक दिसतच नाही, म्हणून मेसेज पटकन पटतो असं मला वाटतं.)

अजून एक. मॅकिंटॉश म्हणजे मॅक अन तॉशिख, तॉशिख म्हणजे पुढारी, म्होरक्या. आयर्लंडच्या पंतप्रधानांना आजही टीशक म्हणतात ना, तो हाच शब्द. स्कॉटिश आडनावाच्या पोटात जो शब्द आहे तो डब्लिनमध्ये रोज वापरात आहे, मग एका अक्षरावरून दोन देशांची वाटणी कशी करणार?

आणि म्होरक्याचा मुलगा हे हुद्द्यावरून आलेलं नाव आहे, त्यामुळे सगळे एका रक्ताचे हे पण पडतं. म्होरक्या काय एकाच गावाला होता? सगळे पाटील एकमेकांचे भाऊबंद नसतात हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. इन्व्हरनेसकडचं मॉयचं मॅकिंटॉश घराणं प्रसिद्ध, पण पर्थशायरमध्ये ग्लेन टिल्टचे मॅकिंटॉश वेगळे. शिवाय सरदाराच्या जमिनीवर राहणारी कुळं सरदाराचंच आडनाव लावायची, रक्ताचा संबंध असो नसो, आणि डोंगरी भागात साध्या माणसाला कायमचं एक आडनाव असणं हेच बरंच उशिरा पक्कं झालं. क्लॅन, म्हणजे एका सरदाराला मानणारा गट, म्हणजे एकच आडनाव हे पण चूक. क्लॅन चॅटन हा मोठा गट, त्यात मॅकिंटॉश, मॅकगिलिव्हरे, मॅकबीन असे कितीतरी, आणि १७४६ ला सरकारी सैन्य आणि बंडखोर यांच्यातल्या कलोडनच्या लढाईत त्यांची जी पलटण बंडखोरांच्या बाजूने उतरली तिचं नेतृत्व मॅकगिलिव्हरेने केलं, मॅकिंटॉशने नाही. कारण मॅकिंटॉशांचा सरदार ईनियस स्वतः सरकारी सैन्यात कॅप्टन होता आणि त्याच्या बायकोने, ॲनने, विशी ओलांडलेल्या त्या मुलीने नवऱ्याच्या विरुद्ध बाजूने, बंडखोर राजपुत्र चार्ल्ससाठी माणसं गोळा केली. पुढे नवरा पकडला गेला तर कैदी म्हणून तिच्याच ताब्यात दिला. एका छपराखालची दोन माणसं दोन सैन्यांत, आणि आपण मात्र हजारो लोकांना एका अक्षरावरून एका पंगतीत बसवतोय.

टार्टनबद्दल फार लिहीत नाही. चेक्सचं कापड जुनं आहे, पण आडनावागणिक ठरलेला नमुना जुना नाही. १८१५ ला लंडनच्या हायलँड सोसायटीने सरदारांना आपापलं टार्टन पाठवा म्हटलं तेव्हा आपलं कुठलं हे काहींना माहीतच नव्हतं. स्कॉटलंडमधल्या बॅनकबर्न गावच्या विल्सन विणकरांकडे तर बऱ्याच नमुन्यांना आधी नुसते नंबर होते. १८२२ ला राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला आणि मग मागणी वाढली ती वाढलीच.

आता कॉम्प्युटर. रेनकोटवाला चार्ल्स मॅकिंटॉश खरा, ग्लासगोचा केमिस्ट, दोन कापडांच्या मध्ये पातळ केलेलं रबर घालायचं पेटंट त्याने १८२३ ला घेतलं, त्याच्या नावात 'के' नव्हता तो कोटाच्या नावात मागाहून शिरला. पण कॉम्प्युटरचा त्याच्याशी संबंध नाही. ते नाव सफरचंदाच्या एका जातीचं आहे. कॅनडात ऑन्टॅरिओला जॉन मॅकिंटॉश नावाच्या शेतकऱ्याला १८११ च्या सुमारास जमीन साफ करताना ती रोपं मिळाली, याचे आईवडील स्कॉटलंडहून आलेले आणि याचं स्पेलिंग मात्र एम-सी, म्हणजे मेसेजचा पहिला मुद्दा इथे परत पडला. ॲपलमधल्या जेफ रस्किनला ही जात आवडायची म्हणून त्याने ते नाव घेतलं, पण एम-सी स्पेलिंगची एक ऑडिओची कंपनी अमेरिकेत आधीपासून होती, तिच्याशी भांडण नको म्हणून त्याने मध्ये 'ए' घातला. मॅकमधला तो 'ए' असा आलाय.