बायकोचे रेनडिअर बायकोचेच

सामी म्हणजे उत्तर युरोपातले, रेनडिअर पाळणारे मूळ रहिवासी. लग्नानंतर सामी बाईचे रेनडिअर आपोआप नवऱ्याचे होतात आणि ही त्यांची जुनी रूढी, हे त्यांच्यावरच्या एका लेखातलं विधान पटलं नाही. रूढी नेमकी उलटी आहे. कळप एकत्र चरतो, पण मालकी एकेका जनावराची, आणि ती ठरते कानांवर सुरीने कापलेल्या खुणेवरून. नवरा, बायको, मुलं, प्रत्येकाची खूण निराळी. बाळाला पहिला दात आला की रेनडिअर भेट द्यायची चाल आहे. मादी दिली तर तिची पिल्लंही त्या बाळाचीच. म्हणून उन्हाळ्यात खुणा करताना पिल्लाच्या गळ्यात नंबर अडकवून त्याला मोकळं सोडतात, ते कोणत्या मादीमागे जातं ते बघतात आणि मगच कान कापतात. इथे घाई केली की पिल्लू भलत्याच्या नावावर जातं.

बायकांचा हक्क हिरावला तो सरकारी कायद्यांनी. स्वीडनच्या १९२८ च्या कायद्यानुसार कळप न राखणाऱ्याशी लग्न करणाऱ्या बाईचा रेनडिअरपालनाचा हक्कच जायचा. पुरुषाला मात्र अशी अट नव्हती. नॉर्वेत १९७८ च्या कायद्याने रेनडिअरपालनासाठी परवान्याची पद्धत आली आणि परवाने बहुतेक नवऱ्यांच्याच नावावर निघाले. जनावरं बाईची, कागद नवऱ्याचा! लेखात या दोन्ही कायद्यांचा उल्लेखसुद्धा नाही.