नंबर वाढतो त्यात डोळ्याच्या सहा स्नायूंचा काय दोष?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन आठवडे एक निरोप फिरतोय: ‘मोबाइलमुळे डोळ्याचे सहा स्नायू ढिले पडतात, म्हणून नंबर वाढतो. रोज दहा मिनिटं बुबुळं गोल फिरवा, उगवत्या सूर्याकडे टक लावून पाहा. चाळिशीसुद्धा जाईल!’ तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी चष्मा कपाटात टाकला आणि चौथ्या दिवशी जिन्यात त्यांची पायरी चुकली. म्हणून हे लिहितोय.

‘सहा स्नायू.’ आकडा बरोबर आहे. चार सरळ, दोन तिरके. त्यातला वरचा तिरका तर पाहण्यासारखा. तो डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या टोकापासून निघतो, नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातल्या कूर्चेच्या कडीतून ओवला जातो आणि तिथून मागे वळून बुबुळाच्या मागे, नेत्रगोलाच्या माथ्यावर चिकटतो. विहिरीवर कप्पीतून दोर जावा तसा. ओढ एका दिशेला, हालचाल दुसऱ्या. नाकाकडे वळलेला डोळा खाली उतरवणं, म्हणजे वाचताना किंवा जिना उतरताना लागणारी हालचाल, मुख्यतः त्याच्याकडे. डोक्याला मार लागून त्याची नस दुखावली की माणसाला एकाच्या दोन पायऱ्या दिसतात आणि तो नकळत मान कलती ठेवून चालू लागतो.

स्नायू खरोखर कमकुवत झाला की असं होतं: डोळा तिरळा होतो, एकाचे दोन दिसतात. नंबर असला की दिसतं ते धूसर. फरक घरीच कळतो. एक डोळा झाका. स्नायूंमुळे दोन दिसत असेल तर लगेच एक दिसेल. नंबरामुळे धूसर दिसत असेल तर उघड्या डोळ्याला ते धूसरच दिसत राहील.

‘ढिले पडतात.’ आत्ता हातात फोन असेलच. तो स्थिर धरा आणि ‘नाही, नाही’ म्हणतो तशी मान भराभर हलवा. अक्षरं वाचता येतात ना? आता मान स्थिर ठेवून फोन तितक्याच वेगानं हलवा. अक्षरं फिसकटली. मान हलली की कानातल्या तोलाच्या इंद्रियाकडून संदेश निघतो आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास हे स्नायू डोळा उलट दिशेला वळवतात. वाचताना डोळा सेकंदाला साधारण तीन उड्या मारतो. झोपेत स्वप्न पडतानाही तो फिरत असतो. एवढं राबणाऱ्यांना आणखी दहा मिनिटांची तालीम कशाला?

‘म्हणून नंबर वाढतो.’ मोठ्या माणसाचा नेत्रगोल पुढून मागे सुमारे 24 मिलिमीटर लांब. तो एकच मिलिमीटर जास्त लांबला की अडीच-तीनचा मायनस नंबर येतो. वाढलेली लांबी बुबुळं फिरवून आखडत नाही. व्यायामानं नंबर घालवायची कल्पना न्यूयॉर्कच्या विल्यम बेट्स या डॉक्टरची, 1920 च्या पुस्तकातली. बाहेरचे स्नायू डोळा दाबून जवळचं-लांबचं दाखवतात, असं त्याचं म्हणणं. गंमत म्हणजे त्याच्या शंभरेक वर्षं आधी, 1801 मध्ये, लंडनच्या थॉमस यंगनं स्वतःचा डोळा चिमट्यात धरून लांबी बदलत नसल्याचं तपासलं होतं. बदलतं ते आतलं भिंग.

चाळिशी येते ती त्या भिंगामुळेच. वयानं ते ताठर होतं. त्याचा आकार बदलणारा स्नायू डोळ्याच्या आत असतो, या सहांत तो नाही.

‘सूर्याकडे पाहा.’ अजिबात नको. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही; भाजेपर्यंत समजणारही नाही.

‘पण काकूंना डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता नीट दिसला!’ रोज तोच तक्ता वाचला की पाठ होतो. शिवाय डोळे बारीक केले की फटीतून येणारा प्रकाश जास्त रेखीव चित्र देतो, नंबर तसाच राहून.

व्यायाम सगळेच थोतांड, असं मात्र नाही. जवळचं पाहताना दोन्ही डोळे नीट आत वळत नसतील, वाचताना डोकं दुखत असेल, तर तज्ज्ञ खरोखरच व्यायाम देतात. पेन्सिलचं टोक हळूहळू नाकाकडे आणत ते एकच दिसेल असं धरून ठेवायचं. मुलांनी दिवसा उघड्यावर खेळावं. मायनस नंबर लागण्याचा धोका त्यानं कमी होतो. आणि अचानक एकाचे दोन दिसू लागले, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर बुबुळं फिरवत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.